तोंडाने दिलेलं औषध

मस्यू रूव्हियेर आमच्या गावात आले तेव्हा जनावरांना वेगळा डॉक्टर असतो, हेच कोणाच्या गळी उतरेना. गावात माणसांनाही डॉक्टर नव्हता. ताप भरला की आम्ही बायका आपापल्या आज्यांचे काढे आठवून काहीबाही उकळायचो, पाजायचो, आणि गेलेल्याला वाळूतल्या दफनभूमीत पोचवून यायचो. अशा गावात हा लियाँच्या कॉलेजातला फ्रेंच माणूस काळा कोट घालून घोडीवरून उतरतो आणि म्हणतो, मी तुमच्या खेचरांसाठी आलोय! लोरेन्स लोहाराने भर चौकात विचारलं, "आणि कोंबड्यांसाठी पाद्री कधी येतोय?" सगळं गाव हसलं. मीही हसले. हसण्यासारखंच होतं ते.

ते माझ्याकडे राहायला आले, कारण रिकामी खोली फक्त माझ्याकडे होती. नवरा दलदलीच्या तापात गेला होता, मूलबाळ नव्हतं. चूल होती आणि तोंड होतं. माझ्या तोंडाला गाव भ्यायचं. मस्यू भ्यायचे नाहीत, कारण मी भांडायला लागले की आमच्या बेटाची भाषा बोलायचे आणि ती त्यांना निम्मीच कळायची.

आम्ही मिनोर्काची माणसं. बेटावर दगडांशिवाय काही पिकत नव्हतं म्हणून बोटीत बसून अल्जिअर्सला उतरलो, आणि शहराच्या पूर्वेला समुद्राकाठी भाजीचे मळे केले. जमीन आमच्याआधी कोणाची तरी होती, हे आमच्या विहिरीच सांगायच्या. त्या आम्ही खणलेल्या नव्हत्या. त्या लोकांना कुठे हाकललं, हे आम्ही विचारलं नाही. पोटात काही नसलं की माणूस फार प्रश्न विचारत नाही.

पहिल्या वर्षी लोकांनी मस्यूंना सगळं दाखवलं, फक्त जनावरं सोडून. कोणी सासूचे गुडघे दाखवले, कोणी पोराचे जंत. जनावर आजारी पडलं की लोक लोहाराकडेच जायचे, आणि लोहार रक्त काढायचा, नाहीतर तापलेल्या सळईने डाग द्यायचा. मग एकदा मेयरची गाय अडली. वासरू आडवं आलेलं. मस्यू चिखलात पालथे पडले, खांद्यापर्यंत हात आत घातला, आणि तासभर तसेच पडून राहिले. वासरू जिवंत निघालं. त्या दिवसापासून लोक त्यांना रस्त्यात टोपी काढून सलाम करायला लागले. सल्ला मात्र तरीही कोणी ऐकत नव्हतं.

त्यांचा सल्ला एकच असायचा. चुना लावा. गोठ्याला लावा, तबेल्याला लावा, दाव्याच्या खुंटाला लावा. आता चुन्याच्या बाबतीत आम्हा बायकांना कोणी शिकवायची गरज नव्हती. आमच्या बेटावरची, माहोनकडची बाई शनिवारी घराला चुना लावल्याशिवाय रविवारी देवळात तोंड दाखवत नाही. मी त्यांना म्हटलं, "मस्यू, एवढं शिकून आलात आणि माझ्या आईला माहीत होतं तेच सांगता?"

"तुमची आई माझ्यापेक्षा बरी डॉक्टर होती," ते म्हणाले. "मला कॉलेजात रोग ओळखायला शिकवलं, मार्गालिदा. कापून बघायला शिकवलं. बरं करायचं कसं, ते शिकवणाऱ्यालाही ठाऊक नव्हतं."

"मग बरं न होणारं जनावर समोर आलं की करता काय?"

"सांगतो, मारा. आणि मालक मारत नाही."

आणि ते खरं होतं. त्यांच्या हातात ना शिक्का, ना शिपाई. सांगायचं, विनवायचं, आणि घरी येऊन सार प्यायचं.

माझा भाऊ तोमेऊ शेजारच्याच मळ्यात राहायचा. माझ्याहून लहान. आई गेली तेव्हा तो रांगत होता. मीच त्याला वाढवलं, नाक पुसलं, आणि बोटीत मांडीवर घेऊन आणलं. लग्न करेना. म्हणायचा, "एक बाई बोलते तेवढी पुरे झाली." त्याचा जीव होता मोरेनावर. मोरेना म्हणजे त्याचं खेचर, काळी कुळकुळीत मादी, कानाच्या टोकांना तेवढी तांबूस. आमचे मळे रहाटावर जगतात. खेचराच्या डोळ्यांवर झापड बांधायची, ते गोल गोल फिरतं, मातीचे पोहरे भरून वर येतात आणि पाटाला पाणी लागतं. उन्हाळ्यात मे महिन्यापासून पाऊस नाही म्हणजे नाही. खेचर थांबलं की पाणी थांबलं, आणि पाणी थांबलं की मिरची, टोमॅटो, टरबूज सगळं दोन-चार दिवसांत वाळून जातं. मोरेनाला थांबायला सांगावं लागायचं नाही. पाट भरला की आवाजावरूनच तिला कळायचं.

त्या वर्षी वसंतात आमच्या शेजारच्या पेरेने जत्रेतून एक पांढरा घोडा आणला. एका फिरत्या व्यापाऱ्याकडून, स्वस्तात. घोड्याच्या एकाच नाकपुडीतून पाणी वाहायचं. मस्यूंनी त्याच्या जबड्याखाली हात घातला आणि तिथेच त्यांचा चेहरा पडला. जबड्याखाली हाडाला चिकटलेली टणक गाठ होती, दाबली तरी हलत नव्हती. त्यांच्या भाषेत त्या रोगाला शेंबडाचंच नाव आहे, मॉर्व्ह. ऐकून पेरे हसायलाच लागला.

"शेंबूड आला म्हणून घोडा मारू? मग माझ्या चारही पोरांना मारावं लागेल, मस्यू!"

"हा घोडा ज्या हौदात तोंड घालेल, त्यात तोंड घालणारं प्रत्येक जनावर मरेल," मस्यू म्हणाले.

"खातोय, पितोय, गाडी ओढतोय. मरणारा घोडा असा असतो?"

मस्यू मेयरकडे गेले. मेयर म्हणाला, टरबुजांचा हंगाम होऊ दे, मग बघू. मस्यू पाद्र्याकडे गेले. पाद्री म्हणाला, मी प्रार्थना करीन. शेवटी ते स्वतः घमेलं घेऊन चौकातल्या हौदाच्या कडेला चुना फासत बसले, आणि लोरेन्स लोहार दारात उभा राहून म्हणाला, "जमतंय, मस्यू! शनिवारी माझ्या बायकोबरोबर या, भिंती पांढऱ्या करायच्या आहेत." त्या रात्री मस्यू जेवले नाहीत. मला तेव्हा वाटलं, लोहाराचं मनाला लावून घेतलं.

जुलैच्या मध्यावर एका दुपारी मी त्यांना टोमॅटोचं सार वाढलं, बरोबर अंजीर. आमच्याकडे असंच खातात. गप्पा मारायच्या म्हणून मी म्हटलं, "तुमच्या बाटल्या आता समुद्रात टाका, मस्यू. तोमेऊने मोरेनाला आमच्या बाबांच्या औषधावर आणलंय."

"काय झालंय मोरेनाला?"

"सर्दी. उन्हाळ्यातली सर्दी वाईटच. वाइन कोमट करायची, त्यात मीठ आणि ठेचलेला लसूण घालायचा. मग तोंडात मोठा घोट घ्यायचा, खेचराच्या नाकपुडीला तोंड लावायचं आणि जोरात फुंकायचं. ते शिंकतं आणि सगळी घाण बाहेर पडते. तुम्ही बघायला हवं होतंत! सगळं तोमेऊच्या तोंडावर. मी हसून हसून..."

मी बोलत होते आणि ते हातातला चमचा खाली ठेवत होते, अगदी हळू, जणू आवाज होता कामा नये.

"तोंड लावून?" त्यांनी विचारलं.

"मग काय नळीने? तोंडाने दिलं तरच लागू पडतं. खेचराला कळायला हवं, घरचं माणूस देतंय म्हणून. आमच्या बेटावर सगळे असंच करतात."

"एका नाकपुडीतून वाहतंय का दोन्ही?"

"मला काय ठाऊक? मी काय तिचं नाक पुसायला जाते?"

ते टोपी न घालताच निघाले. त्या उन्हात, फ्रेंच माणूस, टोपीशिवाय! मी टोपी घेऊन मागोमाग पळाले, आणि म्हणून पुढचं सगळं मला दिसलं.

मोरेना खुंटाला मान टाकून उभी होती. मस्यूंनी तिचं नाक उजेडाकडे वळवलं, आत बघितलं, जबड्याखाली चाचपलं. मग ते तोमेऊकडे वळले आणि त्यांनी अगदी तसंच त्याचंही तोंड धरलं.

"तोंडात कुठे कापलंय? दात दुखतोय? ओठ फुटलाय?"

"ओठ?" तोमेऊ हसला. "या उन्हात कोणाचे ओठ फुटत नाहीत, मस्यू? तुमचेही फुटलेत."

मस्यूंनी त्याला विहिरीपाशी नेलं. व्हिनेगरने चुळा भरायला लावल्या, मग ब्रँडीने, मग पुन्हा व्हिनेगरने. "थुंक. अजून. अजून थुंक." तोमेऊ मला डोळे मिचकावून दाखवत होता की बघ, माणूस बिघडला. मस्यूंनी बाटली रिकामी होईपर्यंत त्याला सोडलं नाही. मी तेव्हा हसायची थांबले.

"हिला आज मारावं लागेल," ते म्हणाले.

तोमेऊ म्हणाला, "सर्दी आहे ती. होईल बरी."

"होणार नाही."

"तुम्ही काय देव आहात?"

"नाही. म्हणूनच सांगतोय."

"जुलै आहे, मस्यू! रहाट कोण ओढणार? मी? का मार्गाला बांधू?"

"माझी घोडी घे."

ती घोडी म्हणजे त्यांचं सगळं काही होतं. तिच्यावर बसून ते गावोगाव जायचे. तिच्याशिवाय ते डॉक्टरच राहिले नसते. आणि सवारीची उंची घोडी रहाटाला बांधायची, हे आमच्याकडे कोणी ऐकलं नव्हतं.

तोमेऊ बराच वेळ मोरेनाकडे बघत राहिला. मग त्याने स्वतःच तिला सोडलं आणि मळ्याच्या टोकाला घेऊन गेला. मस्यूंनी आपली पिस्तुलाची पेटी आणली आणि सांगितलं, तू घरी जा. त्याने ऐकलं नाही. तिच्या कानामागे खाजवत तो तिच्याशी बोलत राहिला, आम्ही लहानपणी बोलायचो तसलं काहीतरी, की उद्या पाऊस येणार, उद्या सुट्टी. मी भिंतीकडे तोंड करून उभी होते. गोळीचा आवाज एकदाच झाला.

संध्याकाळी मस्यूंनी खड्ड्यात चुना ओतला. घरी आल्यावर मी त्यांना दार लावून विचारलं, "माणसाला होतो हा रोग?"

"होतो."

"आणि?"

ते म्हणाले, की कॉलेजात तबेल्यातला एक नोकर होता, घोड्याचं नाक धुताना त्याच्या बोटाला जखम होती. एवढंच सांगितलं. मग म्हणाले, "पण सगळ्यांना होत नाही. पुष्कळांना काही होत नाही. तोमेऊला सांगू नका." मी त्या 'पुष्कळांना' या शब्दाला धरून बसले. मला दुसरं धरायला काही नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून मस्यू पायी फिरायला लागले आणि त्यांची घोडी डोळ्यांवर झापड घालून रहाट ओढायला लागली. लोकांना तर पर्वणीच. लोरेन्स म्हणाला, "यंदा घोडी रहाटाला, पुढच्या वर्षी डॉक्टर!" तोमेऊने त्याच्या अंगावर भिजलेलं पोतं फेकलं. नंतर गावात आणखी दोन खेचरं आणि पाद्र्याचं गाढव पडलं, तेव्हा कुठे मेयरला जाग आली. शिपाई येऊन पेरेचा पांढरा घोडा घेऊन गेले. पेरे माझ्या दारात येऊन रडला. मी दार उघडलं नाही.

मस्यू रोज सकाळी आधी तोमेऊकडे जायचे. घोडी बघायला आलो म्हणायचे आणि बघायचे तोमेऊला. डोळे, ओठ, गळ्याखालच्या गाठी, हाताची बोटं. तोमेऊ मुद्दाम जबडा वासून उभा राहायचा.

"दात बघा, मस्यू. वय किती निघतं? बाजारात काय भाव येईल माझा?"

"जीभ फार चालते. कोणी घेणार नाही," मस्यू म्हणायचे.

मी कुंपणापलीकडून बघायची. मिरची त्या वर्षी अशी आली होती की झाडं वाकली होती. पहाटे गाडी भरून तोमेऊ शहराच्या बाजारात जायचा आणि गात परत यायचा. टरबुजं संपली, अंजिरं संपली. मस्यूंच्या चेहऱ्यावर रंग यायला लागला. एक दिवस त्यांनी सार पुन्हा मागून घेतलं, आणि मी चुलीकडे तोंड करून रडले, कारण आता भीती गेली असं मला वाटलं.

त्याच आठवड्यात तोमेऊ लंगडत आला. म्हणाला, घोडीने रहाटाचा दांडा लाथाडला तेव्हा लागला असेल, पोटरी दुखतेय. मग खांदा दुखायला लागला. मग अंगात ताप भरला, असा की गोधडी ओली व्हायची. मस्यूंनी त्याचा हात हातात घेतला आणि सोडला. ते बाहेर गेले आणि कोणाची तरी गाडी मागून शहरातून माणसांचा डॉक्टर आणायला निघाले.

डॉक्टर आला, जाड, घामाघूम, घड्याळ बघणारा. त्याने तोमेऊचं पोट दाबलं आणि सांगितलं, दलदलीचा ताप, कोयनेल द्या. मस्यू दारात उभे होते. त्यांनी खालच्या आवाजात सगळं सांगितलं, मोरेना, वाइन, ओठ.

"मस्यू," डॉक्टर म्हणाला, "तुमचे रोगी चार पायांवर उभे असतात. माझे झोपलेले असतात. आपण आपापल्या जागी राहू या."

मी कोयनेल दिलं. मला काय कळत होतं? मला तर वाटत होतं, डॉक्टरच खरा असू दे. देवा, तो जाडा माणूस खरा असू दे आणि आमचे मस्यू खोटे पडू देत, असं मी गुडघे टेकून मागितलं.

मग अंगावर फोड आले. दंडावर, मांडीवर, मग चेहऱ्यावर. आणि नाक वाहायला लागलं. मस्यूंनी मला त्या दिवशी खोलीबाहेर काढलं.

"आजपासून आत यायचं नाही."

"माझा भाऊ आहे तो!"

"म्हणूनच. तुम्ही खिडकीशी बसा. जे लागेल ते मी करीन."

डॉक्टर पुन्हा आला तेव्हा उंबऱ्याच्या आत आला नाही. रुमाल नाकाशी धरून त्याने लांबूनच पाहिलं आणि त्याचा चेहरा उतरला. मग माणूस बरा बोलला. म्हणाला, "तुमचं बरोबर होतं, मस्यू."

"बरोबर असून मी काय करू?" मस्यू म्हणाले. "तुमच्याकडे आहे काही?"

"नाही. तुमच्याकडे?"

"नाही."

दोन शिकलेली माणसं अंगणात उभी राहून एकमेकांकडे बघत होती, आणि मी खिडकीशी बसून दोघांकडे. असा राग मला आयुष्यात आला नाही. पण कोणावर काढायचा? पेरेवर? बाबांवर, ज्यांनी ते औषध शिकवलं? त्यांचीही खेचरं त्याच औषधाने बरी झाली होती. खरी सर्दी असली की व्हायची.

मस्यूंनी सगळं केलं. फोड धुतले, कपडे जाळले, मधात बुडवलेलं फडकं ओठांना लावलं, चादर बदलली. खोलीचं दार ते ओलांडायचे फक्त हात धुवायला. लोहार लोरेन्स रोज बर्फाचा तुकडा शहरातून आणून कुंपणावर ठेवून जायचा आणि हाक न मारता निघून जायचा. तोमेऊ कधी भानावर असायचा, कधी आईला हाका मारायचा, जी त्याला आठवतही नसणार. ओरडायचा. मला अजूनही तो आवाज सांगता येत नाही, आणि मी सांगणारही नाही.

एका दुपारी तो एकदम शांत झाला. डोळे स्वच्छ. मला वाटलं, उतार पडला. मी खिडकीच्या गजांना धरून उभी राहिले.

"मस्यू," तो म्हणाला, "मोरेनाला दुखलं का?"

"नाही."

"कळलं का तिला?"

"नाही. तुझा हात तिच्या कानामागे होता."

श्वास घ्यायलाही त्याला कष्ट पडत होते.

"मार्गा ठेवील माझ्या कानामागे हात," तो म्हणाला. "ठेवशील ना गं?"

मला पहिल्यांदा अर्थच लागला नाही. मग मस्यूंचा चेहरा बघितला आणि लागला. मी म्हटलं, "ठेवीन." म्हणजे माझ्या तोंडातून गेलं ते. मी त्याला कधी कशाला नाही म्हटलं नव्हतं.

मस्यू खुर्चीतून उठले. त्यांची पेटी कोपऱ्यात होती. ते पेटीपर्यंत गेले, तिच्यावर हात ठेवून उभे राहिले, पाठमोरे. तोमेऊ वाट बघत होता. मग ते तसेच बाहेर आले, अंगणात, आणि विहिरीच्या काठावर बसले.

मी त्यांच्यामागे धावले. त्या दिवशी मी त्यांना पहिल्यांदा अरे-तुरे केलं.

"खेचराची दया येते तुला! माझ्या भावाची येत नाही? ऐकू आलं ना तो काय म्हणाला? मग ऊठ! ऊठ की!"

"नाही जमत मला," ते म्हणाले.

"जनावराला जमतं!"

"जनावर मागत नाही, मार्गालिदा. जनावर माझं नाव घेत नाही."

मी त्यांच्या छातीवर मारलं. दोन्ही मुठींनी. ते हात मागे बांधून बसून राहिले, मला आपला हात लागू नये म्हणून. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि पुसायलाही ते हात पुढे आणत नव्हते. मग आतून ओरडणं पुन्हा सुरू झालं, आणि ते उठून आत गेले.

ते करायला हवं होतं की नव्हतं, हे मी पाद्र्याला विचारलं नाही. पाद्री काय सांगणार ते मला ठाऊक होतं. मस्यूंना नंतर कधी विचारलं नाही. मी स्वतःला विचारलं तर एक दिवस एक उत्तर येतं, दुसऱ्या दिवशी दुसरं.

तोमेऊला आणखी काही दिवस लागले. ते दिवस मी मोजले नाहीत. एका सकाळी खोलीतून काहीच ऐकू येईना, आणि मी खिडकीशी गेले तर मस्यू त्याचे डोळे मिटत होते.

आमच्यात मेलेल्याला घरची बाई धुते. आईला मी धुतलं, लहान होते तरी. नवऱ्याला मी धुतलं. दुसऱ्या कोणाचा हात लागला तर माणूस परका होऊन जातो असं आम्ही मानतो. मी परात भरली, नवी चादर घेतली, बाह्या सरसावल्या आणि दाराशी गेले. मस्यू दारात आडवे उभे राहिले.

"नाही."

"बाजूला व्हा."

"नाही, मार्गालिदा. मेल्यावरही लागतो. मला शिव्या द्या, मारा, पण आत येऊ देणार नाही."

"तुम्ही परके!" मी म्हटलं. "तुम्हाला काय कळतं? तुम्ही आयुष्यात माणूस धुतलाय का?"

"नाही," ते म्हणाले. "तुम्ही सांगा. मी करतो."

मी परात उंबऱ्यावर ठेवली. परात आणि चादर त्यांनी आत घेतली. मग मी पुन्हा खिडकीशी गेले, गजांना धरलं आणि सांगायला लागले. आधी तोंड. कोमट पाणी, फार नको, त्याला डोळ्यांत पाणी गेलेलं आवडत नाही. मानेमागे हात घाला, डोकं असं लटकू देऊ नका. आता हात. बोटं एकेक करून. नखांतली मळ्याची माती राहू दे, ती निघत नाही. मस्यू वाकून, हळूहळू, मी सांगीन तसं करत होते. कुठे चुकले की थांबायचे आणि माझ्याकडे बघायचे. मी म्हणायची, हां, तसंच.

शेवटी त्यांनी त्याच्या अंगावर चादर घातली, कपाळावरचे ओले केस मागे सारले आणि कंगवा हातात घेऊन घुटमळले.

"भांग कुठल्या बाजूला पाडायचा?" त्यांनी विचारलं.

"डाव्या," मी म्हटलं. "त्याच्या डाव्या."